अस्थी, अनुमान आणि नागमोडी रेघ

नियतकालिकांतून परीक्षण येते ते बहुधा ग्रंथाचे, नाटकाचे किंवा क्वचित एखाद्या चित्रप्रदर्शनाचे. विज्ञानाच्या प्रदर्शनाकडे समीक्षकाने पाहावे अशी आपल्याकडे रूढी नाही. ते काम शाळेच्या सहलींचे, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः असे प्रदर्शन हीदेखील एक रचनाच असते. तिच्यात विषयाची निवड असते, क्रम असतो, निवेदकाचा स्वर असतो आणि कशावर भर द्यावा व काय गाळावे यासंबंधीचा एक निर्णयही असतो. म्हणून ग्रंथाला जे प्रश्न आपण विचारतो तेच प्रश्न या रचनेलाही विचारणे योग्य आहे.

नर्मदेच्या खोऱ्यातील जीवाश्म आणि त्यांचा अभ्यास करणारे पुराजीवशास्त्रज्ञ या विषयावरील एक फिरते प्रदर्शन अलीकडे इंदुरात येऊन गेले. त्याचा विचार आम्ही येथे करणार आहोत तो याच भूमिकेवरून. प्रदर्शन कोणी भरविले हा येथे महत्त्वाचा मुद्दा नाही. त्याचे गुण आणि दोष अशा प्रकारच्या बहुतेक प्रदर्शनांत आढळतात, म्हणूनच त्यांची चर्चा उपयुक्त ठरेल. विज्ञान गावोगावी नेण्याची ही पद्धत आपल्या देशात नवी नाही. कलकत्त्याच्या बिर्ला संग्रहालयाने 1965 सालीच गाडीवरचे फिरते विज्ञान संग्रहालय सुरू केले होते.

प्रदर्शनाचा पहिला गुण असा की त्याने विषय प्रादेशिक ठेवला आहे. माळव्यात आणि निमाडात राहणाऱ्या माणसाला परदेशातील वाळवंटांतील सांगाडे दाखविण्यापेक्षा त्याच्या शेताच्या बांधाखाली काय दडले आहे ते दाखविणे अधिक मोलाचे. आरंभीचे तीन-चार फलक बाघ परिसरातील सागरी खडकांचे आहेत. सुमारे 9 कोटी वर्षांपूर्वी आजच्या नर्मदेच्या पट्ट्यात पश्चिमेकडून समुद्र शिरला होता. धार जिल्ह्यातील बाघजवळच्या चुनखडकांत त्या समुद्रातील शिंपले, सागरी अर्चिन, शार्कचे दात आणि चक्राकार शंखांचे ॲमोनाइट प्राणी अश्मरूपाने सापडतात. बाघची लेणी पाहावयास जाणारा रसिक ज्या प्रदेशातून जातो, तेथे एके काळी लाटा उसळत होत्या, ही कल्पनाच मनाला स्तिमित करणारी आहे. ती कल्पना उगाच शब्द न वाढवता केवळ नकाशा आणि नमुने यांच्या साहाय्याने या फलकांनी उभी केली आहे. याबद्दल रचनाकारांचे अभिनंदन केले पाहिजे.

येथे एक संधी मात्र हुकली आहे. ॲमोनाइटचा नमुना ठेवताना त्याच्याशेजारी शाळिग्राम ठेवावा हे कोणाला सुचले नाही. नेपाळातील काळी गंडकीच्या पात्रात मिळणाऱ्या काळ्या गोट्यांत जी चक्रे दिसतात, ती अशाच प्राण्यांच्या शंखांची आहेत. तुळशीच्या लग्नात ज्याला आपण वर म्हणून उभे करतो तो शाळिग्राम म्हणजे भूवैज्ञानिकाच्या दृष्टीने एक जीवाश्म होय. मराठी घरांतील देव्हाऱ्यात हा नमुना पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यावरील चक्राचे निरीक्षण, त्याच्या प्रकारांची नावे आणि लक्षणे हे सारे आपल्या परंपरेने जपलेले आहे. प्रेक्षकाच्या मनात आधीपासून असलेल्या अशा परिचयाच्या वस्तूचा आधार घेतला असता तर समुद्राची ती कथा त्याच्या घरापर्यंत पोहोचली असती.

यानंतरचे दालन जबलपूरचे आहे. प्रदर्शनाचा कथाभाग येथून सुरू होतो. 1828 साली स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला जबलपूर छावणीच्या परिसरात शेपटीचे दोन अश्मीभूत मणके मिळाले. ते स्पिल्सबरी या डॉक्टरांमार्फत कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे गेले. ‘डायनोसॉर’ हा शब्द रिचर्ड ओवेन यांनी बनविला तो 1842 साली. म्हणजे ही हाडे सापडली तेव्हा ज्या प्राणिवर्गाची ती होती त्या वर्गाला नावही नव्हते. पुढे फॉकनर यांनी ती सरीसृपाची असल्याचे ओळखले आणि 1877 साली लिडेकर यांनी त्या प्राण्याला ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ हे नाव दिले. पुढे ही हाडे कोठे गेली हे कोणालाच सांगता येईना. दीर्घ काळानंतर, 2012 साली, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कलकत्त्यातील संग्रहात त्यांचा माग पुन्हा लागला. हा सर्व वृत्तान्त फलकांवर नीटसपणे आला आहे.

साहित्याच्या अभ्यासकाला या वृत्तान्तातील एक नाव थांबवून ठेवते, ते म्हणजे प्रिन्सेप यांचे. हेच ते प्रिन्सेप, ज्यांनी 1837 साली ब्राह्मी लिपी वाचून अशोकाच्या शिलालेखांना वाचा दिली. न वाचता येणारे लेख आणि न ओळखता येणारी हाडे एकाच मेजावर येऊन पडावीत, हा योगायोग खराच. पण त्या काळच्या जिज्ञासेचे स्वरूपही त्यातून कळते. लेख आणि अस्थी या दोहोंनाही ‘वाचावे’ लागते, ही जाणीव त्या माणसांना होती. प्रदर्शनात प्रिन्सेप यांचे नाव येते ते केवळ हाडे पाठविण्याच्या एका टप्प्यावरचे नाव म्हणून. जबलपूरच्या दालनातील सर्वांत अर्थपूर्ण दुवा त्यामुळे अस्पर्शित राहिला आहे.

त्याच दालनात आणखी एक गोष्ट गाळली गेली आहे, आणि ती अधिक गंभीर आहे. लिडेकर यांनी दिलेले टायटॅनोसॉरस हे नाव ज्या लक्षणांवर आधारलेले होते ती लक्षणे पुढे त्या गटातील अनेक प्राण्यांत आढळली. केवळ त्या मणक्यांवरून एक स्वतंत्र प्राणी सिद्ध करता येत नाही असे विल्सन आणि अपचर्च यांनी 2003 साली दाखवून दिले आणि ते नाव अग्राह्य ठरविले. भारतातील पहिल्या डायनोसॉरचे नाव असे शास्त्रातून उतरले. प्रदर्शनात मात्र ते नाव मोठ्या अक्षरांत, जणू काही घडलेच नाही अशा थाटात मिरवते. आम्हांस असे वाटते की नाव गेल्याची ही कथा नाव मिळाल्याच्या कथेइतकीच शास्त्राच्या गौरवाची आहे. आपलेच जुने सिद्धान्त तपासून सोडून देण्याची जी शक्ती शास्त्रात आहे, तिचे दर्शन घडविण्यास याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

प्रदर्शनाचा मध्यवर्ती भाग म्हणजे राजासॉरसची भव्य प्रतिमा. जबडा उघडलेला, हात पुढे आलेले, डोळ्यांत दिवे आणि पाठीमागे ध्वनिमुद्रित डरकाळी. मुलांची सर्वांत जास्त गर्दी येथेच होती. या प्रतिमेच्या कारागिरीला आम्ही कमी लेखत नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. गुजरातेतील बालासिनोरजवळच्या राहिओली येथे 1982 ते 1984 या काळात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या सुरेश श्रीवास्तव यांनी या प्राण्याची हाडे गोळा केली. 2003 साली भारतीय व अमेरिकन संशोधकांनी मिळून ‘राजासॉरस नर्मदेन्सिस’ हे नाव जाहीर केले. राहिओलीच्या त्या मूळ नमुन्यात कवटीचा मेंदूभोवतालचा भाग, पाठीचे काही मणके, कटिभाग, मागच्या पायांची काही हाडे आणि शेपटीचा काही भाग आहे. जबडा नाही आणि पुढचे पायही नाहीत. म्हणजे प्रेक्षक ज्या उघड्या जबड्याकडे आणि पुढे आलेल्या हातांकडे पाहून थरारतो, ते अवयव प्रत्यक्षात सापडलेलेच नाहीत. ते याच्या नात्यातील इतर प्राण्यांवरून तर्काने जोडलेले आहेत. रंग आणि आवाज हे तर तर्काच्याही पलीकडचे आहेत.

प्राण्याच्या लांबीचेही तसेच. आरंभी ती सुमारे 9 मीटरपर्यंत सांगितली जाई. 2016 सालच्या एका अभ्यासात ती साडेसहा मीटरांच्या आसपास आणण्यात आली. प्रदर्शनातील फलकावर एकच आकडा आहे, आणि तो मोठा आहे. ‘राजा’ या नामावयवाचा मोह येथे आवरला गेलेला नाही. डोक्यावरच्या शिखरवजा शिंगाला अनुलक्षून हे नाव योजिले गेले, पण प्रदर्शनाच्या निवेदनात त्याचा अर्थ ‘नर्मदेचा सम्राट’ असा होऊन बसला आहे.

कोणी म्हणेल, पूर्ण प्रतिमा दाखवू नये काय? अवश्य दाखवावी. तुकड्यांतून अखंडाची कल्पना करणे हा तर पुराजीवशास्त्राचा प्राणच होय. प्रश्न एवढाच, की कोठे पुरावा संपतो आणि कोठे अनुमान सुरू होते हे प्रेक्षकाला कळावे की नाही? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच विद्याक्षेत्रात फार पूर्वी दिले गेले आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 साली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम हाती घेतले आणि 1966 साली ते पूर्ण झाले. डॉ. सुकथनकर यांच्या संपादनाखाली ठरलेल्या पद्धतीप्रमाणे संहितेतील जो पाठ पूर्णपणे निश्चित मानता येत नाही, त्याखाली एक नागमोडी रेघ काढलेली आहे. वाचणाऱ्याचा रसभंग त्या रेघेने होत नाही. उलट, संपादकाचा प्रामाणिकपणा प्रत्येक पानावर त्याच्यासमोर उभा राहतो. जेथे रेघ नाही तेथील पाठ त्यामुळेच अधिक विश्वसनीय वाटतो.

जीवाश्मांच्या प्रदर्शनाला हवी आहे ती अशीच एक नागमोडी रेघ. सापडलेली हाडे एका रंगात आणि कल्पिलेली दुसऱ्या रंगात दाखविली, तर काम भागते. उत्तम संग्रहालयांत असे केलेही जाते. त्यासाठी खर्च वाढत नाही, जागा वाढत नाही. वाढते ती केवळ सचोटी. हाडे आणि हस्तलिखिते यांचे साम्य फार ताणू नये हे आम्ही जाणतो. हस्तलिखितामागे एक कर्ता आणि अनेक लेखनिक असतात, तर हाडामागे केवळ एक जीव आणि नंतर पाणी, गाळ व काळ. पण हरवलेल्या अखंडाविषयी किती बोलावे आणि कोठे थांबावे, हा विवेक दोन्हीकडे एकच आहे.

आपल्या परिसरातील दोन प्रसिद्ध सांगाडे या दृष्टीने आठवावेत. गोदावरी–प्राणहितेच्या खोऱ्यात 1958 नंतरच्या उत्खननांत सापडलेल्या विशालकाय प्राण्याला रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या स्मरणार्थ ‘बारापासॉरस टागोराय’ असे नाव मिळाले. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत त्याचा सांगाडा उभा आहे. किमान सहा प्राण्यांची सुमारे 300 हाडे तेथे एकत्र मिळाली होती, पण कवटी मिळाली नाही. हैदराबादच्या बिर्ला विज्ञान केंद्रात उभा असलेला कोटासॉरसही त्याच खोऱ्यातला, आणि त्याचीही कवटी अज्ञातच आहे. म्हणजे ज्या डोक्याकडे प्रेक्षक प्रथम मान वर करून पाहतो, नेमका तोच भाग अनुमानाचा आहे. हे ज्याला सांगितले गेले त्याची पाहण्याची दृष्टीच बदलते. तो भव्यतेपाशी न थांबता ‘हे कशावरून?’ असा प्रश्न विचारू लागतो. आणि हा प्रश्न विचारणे हेच तर शिक्षण.

आता प्रदर्शनातील सर्वोत्तम नमुन्याकडे वळू. तो लहान आहे आणि कोपऱ्यात आहे. गुजरातेतील ढोली डुंगरी येथे 1980 नंतरच्या दशकात भूवैज्ञानिक धनंजय मोहबे यांना डायनोसॉरच्या अंड्यांजवळ काही बारीक हाडे मिळाली. ती नुकत्याच बाहेर आलेल्या पिलाची असावीत असा त्या वेळी समज झाला. 2001 साली जेफ्री विल्सन यांनी तोच दगड पाहिला तेव्हा त्यांतील काही मणके पिलाचे नसून सापाचे असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. पुढील अभ्यासानंतर 2010 साली जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा : फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घातलेला सुमारे साडेतीन मीटर लांबीचा साप आणि शेजारी अर्धा मीटर लांबीचे पिलू, हे सारे एकाच क्षणी गाळाखाली गाडले गेले होते. या सापाला ‘सनाजेह इंडिकस’ असे संस्कृतावरून बनविलेले नाव दिले गेले. त्याचा जबडा आजच्या अजगराइतका पसरणारा नव्हता, म्हणून तो अंडी न गिळता पिले खात असावा, असे त्याच्या कवटीवरून अनुमानिले गेले.

या एका दगडात काय नाही? मृत्यू आहे, जन्म आहे, भक्ष्य-भक्षक यांचे सनातन नाते आहे. शिवाय एक वाचन चुकीचे ठरून दुसरे त्याच्या जागी येण्याची वीस-पंचवीस वर्षांची कथाही आहे. पहिल्या वाचनाने दगड जपला, नोंदविला आणि इतरांना पाहू दिला, म्हणूनच दुसरे वाचन शक्य झाले. प्रदर्शनाने मात्र दाखविला आहे तो शेवटचा निष्कर्ष, साप आणि पिलू यांचे रंगीत चित्र. पहिले वाचन गाळले आहे. एखाद्या रहस्यकथेचे शेवटचे पान फाडून वाचकाच्या हाती द्यावे तसे हे झाले.

असाच एक कागद राजासॉरसच्या प्रतिमेजवळ असावयास हवा होता. उत्खनन करताना श्रीवास्तव यांनी प्रत्येक हाड कोठे व कसे पडले होते याचा नकाशा काढून ठेवला होता. पुढे जवळजवळ दोन दशकांनंतर विखुरलेली हाडे एकाच प्राण्याची म्हणून जुळविताना त्या नकाशाचा मोठा आधार मिळाला. तो नकाशा हे या शास्त्रातील खरे कर्तृत्व होय. उन्हात बसून ज्याने ती टिपणे केली, त्याला त्यांचे फळ पुढे कोणाच्या हाती लागेल हे ठाऊक नव्हते. डरकाळीपेक्षा त्या नकाशाची प्रत ठेवली असती तर पुराजीवशास्त्रज्ञांचे ‘कार्य’ दाखविण्याचे जे आश्वासन प्रदर्शनाच्या नावात आहे ते पाळले गेले असते.

शेवटच्या दालनात धार जिल्ह्यातील अंड्यांचा विषय आहे. 2023 सालच्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या संशोधनात या भागातील 92 घरटी आणि 256 अंडी यांची नोंद आहे. या संशोधकांत दिल्ली विद्यापीठातील अभ्यासकांच्या बरोबरीने एक नाव आहे विशाल वर्मा यांचे. ते धार जिल्ह्यातील बाकानेर येथील उच्च माध्यमिक शाळेत शिक्षक. या अकादमीच्या बहुसंख्य सदस्यांचा व्यवसाय अध्यापनाचाच असल्यामुळे ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करतो. जागतिक दर्जाच्या संशोधनात एका तालुक्यातील शिक्षकाचा वाटा असू शकतो, हे प्रदर्शनाने ठळकपणे सांगावयास हवे होते.

याच दालनातील एका फलकावर आमचा सर्वांत तीव्र आक्षेप आहे. बाघजवळील पाडल्या गावचे रहिवासी शेतात सापडलेल्या गोल दगडांची ‘काकड भैरव’ म्हणून पूजा करीत असत. शेत आणि गुरे यांचे हा देव रक्षण करतो अशी त्यांची श्रद्धा. हे दगड डायनोसॉरची अंडी असल्याचे तज्ज्ञांनी ओळखल्याचे वृत्त 2023 च्या डिसेंबरात सर्वत्र प्रसिद्ध झाले. प्रदर्शनात हा प्रकार ‘अज्ञान ते विज्ञान’ अशा मथळ्याखाली मांडला आहे. या मथळ्यातील तुच्छता अनुचित तर आहेच, पण ती अशास्त्रीयही आहे. त्या शेतकऱ्यांनी हे दगड सामान्य नव्हेत हे नजरेने ओळखले होते. त्यांना वेगळे काढले, जपले, पुढच्या पिढीच्या हाती दिले. उघड्यावर पडलेली अंडी फुटून जाणे किंवा कोणी उचलून नेणे सहज शक्य असताना ज्या अंड्यांना शेंदूर लागला ती टिकली. संरक्षणाचे काम येथे श्रद्धेने केले आहे. अर्थ शास्त्राने सांगितला हे खरे, पण अर्थ लावण्यासाठी वस्तू शिल्लक राहिली ती कोणामुळे, हेही सांगितले पाहिजे.

यात केवळ सौजन्याचा प्रश्न नाही. निमाडातील जीवाश्म आजही शेतांत, नाल्यांत आणि पायवाटांवर आहेत. त्यांचे पहिले राखणदार तेथील रहिवासीच असणार. ज्याच्या देवाला आपण अज्ञान म्हणून हिणवतो, त्याच्याकडून उद्या सापडणाऱ्या हाडाची वार्ता मिळेल अशी अपेक्षा कशी करावी?

भाषेविषयी थोडक्यात. फलकांची हिंदी सुबोध आहे. पण काळाचे आकडे लिहिताना ‘लाखो’ आणि ‘करोडो’ हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले आहेत. नर्मदेकाठच्या या डायनोसॉरांचा काळ सुमारे 6 कोटी 60 लाख ते 7 कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्याला ‘लाखो वर्षांपूर्वीचा’ म्हणणे म्हणजे कालच्या घटनेला शिवकालात नेण्याहूनही मोठी गल्लत होय, फक्त उलट दिशेने. शास्त्रीय निवेदनात शब्दाचा नेमकेपणा हा अलंकार नसून पाया आहे.

सामान्य प्रेक्षकाला, विशेषतः मुलांना, थरार हवा असतो, शंका आणि तळटिपा नकोत, असे या सर्वांवर कोणी म्हणेल. हे मत आम्हांस मान्य नाही. मुलाला कोडे आवडते, उत्तर आधीच छापलेले कोडे आवडत नाही. सापाच्या दगडाची कथा नीट सांगितली तर कोणत्याही वर्गात ती डरकाळीपेक्षा अधिक काळ स्मरणात राहील. फिरत्या प्रदर्शनाला मूळ हाडे बरोबर नेता येत नाहीत, प्रतिकृतींवरच भागवावे लागते, ही अडचण खरी आहे. पण म्हणूनच प्रतिकृतीने आपण प्रतिकृती आहोत हे स्पष्ट सांगावे.

एकूण विचार करता हे प्रदर्शन पाहण्याजोगे आहे, आणि ते जेथे जाईल तेथील शिक्षकांनी आपले वर्ग त्यास अवश्य न्यावेत. मात्र नेताना एक काम त्यांनी स्वतः करावे. राजासॉरसपाशी मुलांना उभे करून यातील कोणती हाडे सापडली आणि कोणती कल्पिली ते सांगावे, आणि उत्तरापेक्षा त्या भेदाची सवय त्यांना लावावी. रचनाकारांनी जी नागमोडी रेघ काढली नाही, ती तूर्त शिक्षकाच्या खडूने काढता येईल. पुढील आवृत्तीत ती प्रदर्शनानेच काढावी, आणि पाडल्याच्या त्या फलकाचा मथळा बदलावा, एवढी अपेक्षा नोंदवून आम्ही हे परीक्षण पुरे करतो.